बिऱ्हाड कोठे करावे?
(गिरणगावच्या बायकांचा हिशेब)

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहावे असे बैठकीत ठरले, तेव्हा पाककृती आणि भरतकाम यांवर लिहिणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, तुम्ही जुन्या काळाविषयी लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचनाची आवड आहे, आणि घरात सासूबाईंच्या तोंडून गिरणगावच्या गोष्टी गेली वीसबावीस वर्षे ऐकत आले आहे. त्या गोष्टी वाचनालयातल्या पुस्तकांशी ताडून पाहिल्या आणि हा लेख लिहिला. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपल्या वसाहतीत कोकणातल्या, साताऱ्याकडच्या, खानदेशातल्या आणि विदर्भातल्याही भगिनी आहेत. आपण जवळजवळ सगळ्याच घरच्यांच्या कामधंद्याच्या निमित्ताने इकडे आलो. नोकरी लागली की पुरुषमाणसाला कामाची जागा ठरवून मिळते. बिऱ्हाड कोठे करावे हे मात्र ज्याचे त्याला ठरवावे लागते. आज आपण भाडे पाहतो, शाळा पाहतो, स्टेशन किती लांब ते पाहतो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला आलेल्या माणसांनी आणि त्यांच्या बायकांनीही हाच हिशेब केला होता. तो त्यांनी कसा केला, आणि तो समजून न घेता सरकारने घरे बांधली तेव्हा काय झाले, हे आज सांगावयाचे आहे.

कावसजी नानाभाई दावर या पारशी गृहस्थांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. त्याच्या थोडे आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली होती. पुढच्या चाळीसपंचेचाळीस वर्षांत गिरण्यांची संख्या सत्तरावर गेली. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, लोअर परळ, वरळी या भागांत जिकडे पाहावे तिकडे धुराडी दिसू लागली, आणि या सगळ्या मुलखाला लोक गिरणगाव म्हणू लागले.

या गिरण्यांना माणसे पुरविली ती प्रामुख्याने कोकणाने आणि घाटाने. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत राहणाऱ्या दर पाच माणसांत एक माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. आजचा सिंधुदुर्ग त्या वेळी त्याच जिल्ह्यात होता. खुद्द मुंबईत जन्मलेली माणसे शंभरांत सोळाच निघाली. त्याच शिरगणतीतला आणखी एक आकडा आपण बायकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. शहरात दर हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशे. म्हणजे पुष्कळ पुरुषांनी आपली बायकामुले गावीच ठेवली होती.

हे काही निष्काळजीपणाने झालेले नव्हते. तोही एक हिशेबच होता. कोकणात जमिनीचे तुकडे लहान, भात पिकायचे ते चारसहा महिने पुरायचे. मुंबईचा पगार एवढा नव्हता की सगळे कुटुंब शहरात नेऊन पोसता येईल; आणि गावची जमीन सोडून द्यावी तर गिरणी बंद पडली, दुखणे आले किंवा म्हातारपण आले म्हणजे जायचे कोठे? म्हणून कुटुंबाने आपले दोन भाग केले. पुरुष मुंबईला गेला. बाई गावी राहिली. तिने लावणी-कापणी केली, सासूसासऱ्यांचे केले, गुरे राखली आणि मनीऑर्डरची वाट पाहिली. गिरणगावचा इतिहास सांगताना आपण भोंगा आणि संप एवढेच सांगतो. पण गावच्या त्या शेतांत राबणाऱ्या बायकांच्या जोरावर गिरण्या कमी पगारात चालल्या, हेही सांगावयास पाहिजे.

एकटा पुरुष मुंबईत उतरला की तो गावकऱ्यांच्या खोलीवर जाई. एका गावच्या मंडळींनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची, दर महिन्याला वर्गणी काढायची, भिंतीच्या कडेने ट्रंका लावायच्या आणि दोरीवर वळकट्या टाकायच्या अशी ती रीत. खोली एक आणि माणसे पंधरावीस. पुढे रातपाळी सुरू झाली तेव्हा एक जण कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. माझे आजेसासरे संगमेश्वर तालुक्यातले. जयगडहून आगबोटीने ते १९३६ च्या सुमारास मुंबईला आले आणि लालबागच्या अशाच एका खोलीत आठ वर्षे राहिले. गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचे, बाकीचे वर्ष त्या ट्रंकेपुढच्या हातभर जागेत काढायचे.

या मंडळींच्या जेवणाची सोय करणाऱ्या बायका होत्या. एखादी विधवा, एखादी नवरा आजारी असलेली बाई, दहापंधरा गिरणीकामगारांना दोन वेळ जेवण घाली आणि पगाराच्या दिवशी पैसे घेई. तिला खानावळवाली म्हणत. आयुष्यभर चुलीपुढे राबून तिच्या पदरी पुष्कळदा सावकाराचे कर्जच उरे. अशा बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. मंडळ म्हणजे काय करू शकते याचे ते उदाहरण आपल्यासमोर आहे.

आता बायकोला मुंबईस आणावयाचे ठरले, की खरा प्रश्न उभा राही. आमच्या आजेसासूबाई १९४४ साली मुंबईला आल्या. सासूबाई सांगतात, खोली पाहावयास गेल्यावर त्यांनी भिंती आणि छप्पर नंतर पाहिले. आधी विचारले ते असे : भोंगा इथे ऐकू येतो का? वाणी कोणता? नळाला पाणी किती वेळ? शेजारी कुठची माणसे? या चार प्रश्नांत गिरणगावचे सगळे शहाणपण आहे असे मला वाटते. म्हणून एकेक घेऊन सांगते.

पहिला भोंगा. कायम कामगार असला तरी उशीर झाला की खाडा पडे. पण पुष्कळ माणसे कायम नसत, ती बदली कामगार असत. रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभे राहावयाचे, जॉबर ज्याला बोलावील त्याला त्या दिवसाचे काम. बाकीचे घरी परत. असा माणूस लांब राहिला तर त्याला काम मिळणार कसे? १९०७ सालापासून मुंबईत विजेची ट्राम होती. पण रोजचे ट्रामचे भाडे कामगाराच्या खिशाला परवडणारे नव्हते. तेव्हा पायी जाता येईल तेथेच बिऱ्हाड. १९२० नंतरच्या पाहण्यांत असे दिसले की दहांतले नऊ गिरणीकामगार कामापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर राहत होते. त्या काळी गिरण्यांत पाच कामगारांमागे एक बाई असे. तिचे तान्हे मूल घरी ठेवलेले, मधल्या सुट्टीत धावत येऊन त्याला पाजायचे. तिला तर पंधरा मिनिटेही लांबच.

दुसरा वाणी. पगार महिन्याने होई आणि तोही पुष्कळदा मागाहून. तोवर घर चाले ते वाण्याच्या उधारीवर. वाणी उधार देतो तो तोंड ओळखून देतो. १९२८ साली गिरणीकामगारांचा मोठा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने चालला. एवढे दिवस चुली पेटल्या त्या कशावर? गावाहून आलेल्या तांदळावर, बायकांच्या दागिन्यांवर आणि वाण्याच्या वहीवर. खोली बदलली म्हणजे वाणी बदलला, आणि नव्या वाण्याकडे आपली पत शून्यापासून. हे बायकांना पक्के ठाऊक होते. म्हणून दुसरीकडे थोडी बरी खोली मिळत असली तरी त्या सहसा पेठ सोडीत नसत.

तिसरे पाणी. १९३१ च्या सुमारास मुंबईतली सुमारे तीन चतुर्थांश माणसे एका खोलीच्या घरात राहत होती. त्या एका खोलीत स्वयंपाक, झोपणे, आजारपण आणि बाळंतपण. नळ आणि संडास सर्वांत मिळून. याचे काय परिणाम होत ते लिहिताना हात जड होतो. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक मुले वर्षाच्या आत दगावली असे त्या वेळचे आकडे सांगतात. पुष्कळ मुलांचा जन्म गावी होई आणि मृत्यू मात्र मुंबईत नोंदला जाई, म्हणून हा आकडा काहीसा फुगलेला आहे हे खरे; पण त्यातून काही वजा केले तरी उरते ते थोडे नाही. बाळंतपणाला गावी जाण्याची जी रीत आपण माहेरची हौस समजतो, तिच्यामागे हेही कारण होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात कारखान्यातल्या बायकांसाठी प्रसूती-साहाय्याचा कायदा झाला, तेव्हा निदान बाळंतपणाच्या दिवसांचे काही पैसे मिळू लागले.

चौथे शेजारी. जॉबरकडे शब्द टाकावयास, दवाखान्यात न्यावयास, मूल सांभाळावयास आणि मयतीला खांदा द्यावयास आपले माणूस लागते. म्हणून कोकणातल्या एका गावची माणसे एका चाळीत, घाटावरची माणसे त्यांच्या तालमीच्या आसपास, उत्तरेकडचे मोमीन विणकर मदनपुऱ्यात, तेलंगणातले कामाठी कामाठीपुऱ्यात अशी वस्ती झाली.

आता सरकारने काय केले ते पाहू. १८९६ साली मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि घाबरून लाखो माणसे मुंबई सोडून गेली. गिरण्या ओस पडल्या, तेव्हा गरिबांची घरे हा सरकारच्याही काळजीचा विषय झाला. १८९८ साली शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या आणि काही चाळीही बांधल्या. त्यांनाच आपण बीआयटी चाळी म्हणतो. पण पाडलेल्या घरांतल्या माणसांना जवळच राहावयाचे होते, त्यामुळे ती शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथली गर्दी आणखी वाढली.

मग १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत डेव्हलपमेंट खाते निघाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधावयाच्या असा बेत होता. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्या. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाइल रोडला म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गाला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला धरून चार मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, पक्की काँक्रीटची. जुन्या चाळींच्या कुडाच्या आणि लाकडी बांधणीपुढे ही बांधणी कितीतरी मजबूत. ह्याच त्या बीडीडी चाळी.

आणि गंमत अशी झाली, की घरांसाठी एवढी ओरड असताना यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. डिलाइल रोड आणि नायगाव येथल्या चाळी बऱ्यापैकी भरल्या, कारण त्या गिरण्यांच्या जवळ होत्या. वरळीच्या मात्र ओस पडल्या. सरकारी साहेबांना वाटे, कामगार अडाणी आहेत, त्यांना चांगल्या घराची किंमत नाही. पण आजेसासूबाईंचे चार प्रश्न वरळीला लावून पाहा. त्या वेळी वरळी म्हणजे शहराचे टोक. गिरणी लांब, जवळ बाजार नाही, संध्याकाळनंतर वाटेवर पुरेसा उजेड नाही, ओळखीचा वाणी नाही, गावचे माणूस नाही, आणि भाडे पगाराच्या मानाने जड. अशा ठिकाणी मजबूत भिंत घेऊन काय करावयाचे? १९३० साली कायदेभंगाची चळवळ झाली तेव्हा वरळीच्या त्या रिकाम्या चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला. पुढे रस्ते झाले, बाजार आले, माणसांचा लोंढा वाढला, तेव्हा त्याच चाळी अशा भरल्या की एका खोलीत दोन दोन कुटुंबे राहू लागली. भिंती त्याच होत्या. भोवतालचे जग बदलले होते.

येथपर्यंत मी निवडीविषयी बोलले. पण निवडण्याचा अधिकार सर्वांना नव्हता, हे सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून शिकून आले आणि ठरल्याप्रमाणे बडोद्यास महाराजांच्या नोकरीत रुजू झाले. एवढा मोठा विद्वान, हाती सरकारी नोकरी. पण शहरात राहावयास खोली मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. दोन ओळखीच्या गृहस्थांकडे आसरा विचारला, त्यांनीही अडचणी सांगितल्या. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ती नोकरी घर न मिळाल्यामुळे गेली. मुंबईत ते व रमाबाई परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत पुष्कळ वर्षे राहिले. दादरचे राजगृह झाले ते १९३० नंतर. गिरण्यांतही दलित कामगारांना विणकामाच्या खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना विटाळाचे भय. पगार जास्त तो त्याच खात्यात. पगार कमी म्हणजे खोली हलकी, आणि खोली मागावयास गेले तर आधी जात विचारणार. आजही भाड्याने घर देताना आडनाव विचारून तोंड फिरविणारी माणसे आहेत. आपल्या इमारतींतून तसे होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

पुढची हकीकत आपल्या डोळ्यांसमोरची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १९४० सालच्या भाड्यांवर गाठ मारली. राहत्या भाडेकरूला दिलासा मिळाला. पण नव्या माणसाला पागडीवाचून खोली मिळेनाशी झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांना पुन्हा आत जाता आले नाही. आमचे सासरे त्यांतलेच. काही मंडळी गावी परतली, काहींनी खोल्या विकून विरार, डोंबिवली, बदलापूर गाठले. आम्ही कल्याणच्या पलीकडे आलो. गिरणीचा भोंगा गेला, त्याच्या जागी लोकलचे वेळापत्रक आले. पंधरा मिनिटांच्या पायवाटेऐवजी दीड तासाचा प्रवास आला. खोलीच्या दुप्पट जागा मिळाली, पण सासूबाई म्हणतात, इथे आल्यावर पहिली दोन वर्षे वाटीभर साखर कोणाकडे मागावी हा प्रश्न होता.

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे १६० फुटांत काढलेल्या घरांना ही जागा मिळाली याचा कोणालाही आनंदच होईल. विशेष हे, की त्यांना ती जागच्या जागी मिळाली. दवाखाना, शाळा, बाजार आणि शेजारी सोडून जावे लागले नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या चुकीतून एवढे शिकलो म्हणावयाचे.

भगिनींनो, या सगळ्यातून मी माझ्यापुरते एक शिकले. बदली झाली, नवी नोकरी लागली, घर हलवावयाचे ठरले, की भाडे आणि जागा किती एवढ्यावर निर्णय घेऊ नये. कामाची वाट, उधारीची किंवा अडीअडचणीची सोय, पाणी आणि शेजार ही चारही विचारावीत. आणि घरात दिवसभर राहणार ती बाई असेल तर तिला विचारून ठरवावे. पुरुषमंडळींनी हे वाचले तर बरेच होईल.

यांतल्या पहिल्या तीन गोष्टी आपल्या हाती नाहीत. चौथी मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. जुन्या काळी नव्या माणसाला गावकऱ्यांची खोली होती. आज वसाहतीत सामानाचा टेम्पो येतो, दार लागते आणि महिना महिना कोणाला कोणाचे नाव माहीत होत नाही. म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. नवे बिऱ्हाड आले की त्याच आठवड्यात मंडळाच्या दोघींनी त्या घरी जावे. पाणी किती वाजता येते, डॉक्टर कोण चांगले, पोळीभाजी कोठे मिळते, बालवाडी कोणती, एवढे सांगून यावे. कोणत्या गावची, कोणत्या जातीची, हे विचारण्याची गरज नाही. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडावा असा माझा विचार आहे. त्याला अनुमोदन द्यावे, ही विनंती.